जनीची केबिन

"थांबव! थांबव रं पदू, डोकं लागलं!"

चांगो ओरडला तोवर उशीर झाला होता. रेल्वेच्या मोरीच्या दगडी कमानीला ट्रॅक्टरच्या केबिनचं कपाळ धाडकन लागलं, वरून चुन्याची पूड सांडली आणि आत बसलेल्या जनीनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. पदूनं ब्रेक दाबला. मागून चालत आलेली वाडीतली पंधरा-वीस माणसं अशी हसली, की मोरीतली वटवाघळं उठून बाहेर पडली.

हसण्यासारखंच होतं ते. पळसदरीच्या अलीकडच्या त्या वाडीत आजवर ट्रॅक्टर आला नव्हता, आणि आला तो एकदम काचेच्या खोलीचा. मोहोपाड्याहून निघून लोधिवली, चौक करत पदूनं तो एकट्यानं चालवत आणला होता. दारात नारळ फुटला, बोनेटला हळदकुंकू लागलं, आणि आता नवरा-बायकोनं जोडीनं रुळांपलीकडच्या माळावर पहिला फेरा मारायचा, तर मोरीनंच वाट अडवली.

"चाकातली हवा काढ," एकानं सुचवलं.

"खालची जमीन खना," दुसरा म्हणाला.

"रेल्वेला अर्ज करा. म्हनावं, आमच्या पदूशेटसाठी गाडी जरा वरनं न्या," चांगोनं भर घातली, आणि पुन्हा हशा पिकला.

जनीनं बाजूची काच सरकवून तोंड बाहेर काढलं. "हसू नका रं त्यांना. चवदा वर्सं कंपनीत व्हते. सगळं मोजून येतात. मोरी तेवढी ऱ्हायली."

पदू मात्र हसला नाही. तो खाली उतरून कमानीकडे आणि केबिनकडे आळीपाळीनं बघत राहिला. फार तर दीड वीत कमी पडत होती. दुसरी वाट म्हणजे दोन मैलांवरचं फाटक, आणि तिकडून माळावर यायचं तर मध्ये ओढा, त्याला बैलगाडीही उतरत नसे. केबिन काढल्याशिवाय ट्रॅक्टर माळावर जाणार नव्हता. आणि केबिन काढायची, तर पदूनं हा ट्रॅक्टर आणला कशासाठी?

कारण खरं सांगायचं तर त्याचा जीव ट्रॅक्टरवर नव्हताच, केबिनवर होता.

मोहोपाड्याच्या एका कारखान्यानं हा ट्रॅक्टर साहेबलोकांच्या कॉलनीतली हिरवळ कापायला परदेशातून आणला होता. तिकडच्या थंडीत चालवणाऱ्याला वारा लागू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी काचा. आपल्याकडे कसली थंडी? पण मैदानावर चुना टाकायच्या दिवशी बाहेरचे गडी भुतासारखे पांढरे व्हायचे, आणि आत बसलेल्या पदूचा सदरा संध्याकाळीही धुतल्यासारखा असायचा. ती गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे कारखान्यानं हिरवळीचं काम ठेकेदाराला दिलं. एकाच महिन्यात पदू घरी बसला आणि ट्रॅक्टर भंगारात निघाला. पदूनं साहेबांपुढे हात जोडून तो मागून घेतला.

कारण जनीला दमा होता. लग्न होऊन आल्यापासून दसरा सरला की ती रोज माळावर. पेंडी बांधण्यात तिचा हात धरणारी बाई वाडीत नव्हती. गवताच्याच चार काड्यांना पीळ देऊन ती असा बंध घालायची, की मुंबईच्या तबेल्यात पोचेपर्यंत तो सुटायचा नाही. पण सहा वर्षांपूर्वी कापणीत तिला खोकला लागला तो गेलाच नाही. तेव्हापासून दसऱ्यापासून भाताची झोडणी संपेपर्यंत तिचे दिवस उशी पोटाशी धरून, वाकून बसण्यात जायचे. छातीतून आवाज यायचा तो ओट्यावर ऐकू यायचा. कर्जतचे डॉक्टर सुई टोचत आणि म्हणत, "बाई, गवताच्या धुळीपासून लांब राहा." लांब म्हणजे कुठं? माहेर लोधिवलीचं, तिथंही तेच गवत. लेक ठमी मोहोपाड्याला दिलेली. एका वर्षी पदूनं जनीला तिच्याकडे नेऊन ठेवलं. कारखान्यांच्या वासानं चौथ्या दिवशी ती जी अर्धमेली झाली, ती टेंपोत घालून परत आणावी लागली.

आणि घरात कोंडून बसायचं तिच्या जिवावर यायचं. सगळी वाडी माळावर, आणि आपण एकट्या भिंतींशी बोलत. म्हणून पदूनं केबिनमध्ये आपल्या सीटशेजारी एसटीच्या भंगारातलं दुसरं सीट बसवलं, दाराच्या फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावल्या. "यंदा तू माळावर येनार," तो म्हणाला होता. "काचंत बसून. मानसांत." जनीनं त्याला वेड्यात काढलं होतं. पण आज मोरीपाशी आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून.

"काय इचार करताय?" तिनं खिडकीतून विचारलं.

"उतर," पदू म्हणाला.

केबिनचे चार बोल्ट काढायचे होते. दोन निघाले, दोन गंजून बसले होते. ते पदूनं लोखंड कापायच्या करवतीनं कापले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग आठ जणांनी केबिन उचलली आणि त्याच्या सांगण्याप्रमाणं अंगणात, फणसाच्या सावलीत नेऊन ठेवली.

"कापनी झाली की परत चढवू रं," चांगो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे हितंच," जनी म्हणाली. तिनं दार उघडलं, आत जाऊन एसटीच्या सीटवर बसली आणि काचेतून सगळ्यांकडे पाहिलं. "बसवलं मला गनपतीसारखं. फक्त दीड दिसात उठवू नका म्हंजे झालं."

पदूला त्यातल्या त्यात बरं वाटलं. माळावर नाही तर नाही, अंगणात बसेल. टपावर ओली पोती टाकली की आत गारवा राहील. टपाला हवेची झडप होती, तिच्यावर त्यानं ओलं फडकं बांधायची सोय केली. मग ट्रॅक्टरच्या मागे लागला.

कंपनीत या ट्रॅक्टरच्या पोटाखाली गरगर फिरणारी पाती होती. ती हिरवळीला ठीक, पण इथल्या कमरेएवढ्या गवताचा भुसा करून टाकायची, आणि भुशाची पेंडी बांधता येत नाही. पदूनं ती काढून बाजूला लांब दातेरी पट्टी जोडली, न्हाव्याच्या मशीनसारखी मागं-पुढं सरकणारी. पट्टी जमिनीला टेकली की दगड लागून दात तुटत, उंच धरली की निम्मं गवत उभं राही. दोन दिवस तो आडवा पडून तिच्या चाकाची उंची बोटाबोटानं कमी-जास्त करत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे, नेहमीच्या वेळेला, सगळी वाडी बघायला आली.

दहा हातही गेला नाही तोच पट्टी अडकली. दवानं भिजलेलं गवत दातांत बसून त्याचा लगदा झाला होता. पदूनं तो हातानं उपसला. पुन्हा दहा हात, पुन्हा लगदा. लोक कंटाळून निघून गेले. ऊन चढलं, दव उडालं, आणि अकराच्या सुमाराला पट्टी अशी काही चालू लागली की पदूलाच खरं वाटेना. हिरू कातकरी पंचवीस माणसं लावून आठवडाभरात कापायचा तो माळ दिवस मावळायच्या आत आडवा झाला. एका रेषेत पडलेलं लांब, सरळ गवत. चांगो त्यावरून हात फिरवत म्हणाला, "पदू, तू मानूस नाय रं, देव हायस."

त्याच संध्याकाळी पदूनं वाडीतल्या अकरा घरांना शब्द दिला. सगळ्यांचे माळ यंदा तोच कापणार. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या ओट्यावर एवढी माणसं बसली होती, आणि तो हरखून गेला होता. दुसऱ्या दिवशी हिरू ठरल्याप्रमाणं विळे परजून आला, तर लोकांनी त्याला यंदा नको म्हणून सांगितलं. हिरूनं ट्रॅक्टरकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "मंग आमी भट्टीवर जातो." आणि बायकापोरांसकट तो विटांच्या भट्टीवर गेला.

पहिले दोन दिवस वारा पडलेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीकडचा वारा सुटला.

पदू माळावर होता, तोंडाला ओलं फडकं बांधून. मागं वळून बघायची त्याला सवड नव्हती. बघितलं असतं, तर त्याच्या पट्टीतून उठणारा पिवळा धुरळा रूळ ओलांडून वाडीवर उतरताना दिसला असता. कोरड्या गवताची ती धूळ पिठासारखी हलकी. ती हंड्यांतल्या पाण्यावर बसली, वाळत घातलेल्या धुण्यावर बसली, पाळण्यातल्या पोरांच्या पापण्यांवर बसली. जनी तेव्हा कोंबडीची अंडी काढायला परसात गेली होती.

पदू परत आला तेव्हा ती अंगणात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि शेजारची धोंडूबाई तिची पाठ चोळत होती. जनीचे ओठ निळे पडले होते. तिला बोलता येत नव्हतं. पदू तिच्याकडे धावला तशी धोंडूबाई खेकसली, "लांब हो! अंगावर काय घेऊन आलाहेस बघ!"

त्यानं आपल्या अंगाकडे पाहिलं. तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता.

विहिरीवर अंघोळ करून तो आला, सायकलवर बसवून जनीला कर्जतला नेलं आणि सुई टोचून परत आणलं. तिचा जरा डोळा लागल्यावर धोंडूबाई ओट्यावर येऊन टेकली.

"आमी काय गारव्यासाठी उटत व्हतो व्हय रं झुंजूमुंजू? दवात कापलं की धूळ उडत नाय, कुसळ बसून ऱ्हातं. नऊ वाजले की इळे खाली. पेंड्या बी दुसऱ्या दिशी दवातच बांधायच्या."

"मंग मला सांगितलं का नाय कोनी?" पदूचा आवाज फाटला.

"आमाला तरी कुटं ठावं व्हतं?" धोंडूबाई म्हणाली. "सासू कापायची तसं कापत व्हतो. असं कापलं नाय तर काय व्हतं, ते आजच बघितलं."

चौदा वर्षं पदूनं गवत कापलं होतं, पण ते नळाच्या पाण्यावर वाढलेलं, सदा ओलं, हिरवं गवत. माळावरचं गवत कापायला तो गेला नव्हता, तिथं तर जनी जात होती. जिच्यासाठी यंत्र आणलं, तिलाच एकदा विचारलं असतं तर? हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या छातीत जो रुतला, तो रुतलाच.

मग त्यानं जे जे सुचलं ते सगळं केलं. पट्टी चार बोटं वर घेतली. धूळ थोडी कमी झाली आणि निम्मं गवत उभं राहिलं, त्यावर चांगोच्या भावानं भांडण काढलं. गिअर खालचा टाकून मुंगीच्या पावलानं चालवला. पट्टीमागं ओली पोती टांगली, ती अर्ध्या फेऱ्यात वाळली. एका पहाटे ईर्षेनं दवातच ट्रॅक्टर घातला, तर पट्टीचं पातं मधोमध मोडलं आणि ते जोडून घ्यायला दोन दिवस गेले. शेवटी तो टेकडीखालच्या कातकरवाडीवर हिरूला शोधत गेला. झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. एक कुत्रं तेवढं होतं, तेही भुंकलं नाही.

चार घरांचे माळ उरले होते. पदू चांगोकडे गेला.

"मी नाय कापत आता," तो म्हणाला. "जनीला सोसत नाय."

चांगो वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली. "मला दिसत नाय का रं? पन हिरूला तुज्या भरवशावर परत धाडला. आता मानसं कुटनं आनू? गवत उभ्या उभ्या वाळून चाललंय. म्हशींना वरीसभर काय घालू?"

घरी येऊन त्यानं जनीला सांगितलं, की मी कापणार नाही, कुणाला काय बोलायचं ते बोलू दे.

जनी केबिनच्या दारात बसली होती. त्या पंधरा दिवसांत ती इतकी वाळली होती, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. पण डोळे तसेच मिस्कील. "चांगोच्या म्हशींना काय तुमचा सदरा घालनार का?" ती म्हणाली.

"चेष्टा नको, जने."

"चेष्टा नाय. शब्द दिलाव तुमी. चार दिसांचं काम. मी बसते आत, दार घट लावून." ती थांबली, श्वास गोळा केला. "उद्या मला बरं नाय वाटलं, तर हीच मानसं यायची हायत दारात. त्यांची गवतं वाया घालवून मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"तुला कुटं तरी नेतो तवर."

"कुटं?" तिनं विचारलं. गेली सहा वर्षं पदू तेच शोधत होता.

त्यानं दाराच्या पट्ट्या काढून नव्या, जाड पट्ट्या लावल्या. इतक्या घट्ट, की आतलं बोलणं बाहेर ऐकू येईना. तीन दिवस त्यानं तीन माळ कापले. जनी सकाळी दहाला आत जायची आणि वारा पडल्यावर बाहेर यायची. धोंडूबाई अधूनमधून येऊन झडपेवरचं फडकं भिजवून जायची. तिन्ही दिवस जनी काचेआडून हातानं खूण करायची, की मी बरी आहे, तुम्ही जा.

चौथ्या दिवशी चांगोचा माळ होता. सगळ्यांत मोठा आणि वाडीच्या अगदी तोंडासमोरचा. पेंड्या बांधायला हात कमी पडत होते म्हणून धोंडूबाईही दुपारचं फडकं भिजवून माळावर गेली. वारा त्या दिवशी जरा जास्तच होता. पदूनं पाणी प्यायलासुद्धा ट्रॅक्टर थांबवला नाही. लवकर संपवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चारच्या सुमाराला शेवटची ओळ आडवी झाली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. चांगोनं झेंडूचा हार आणून ट्रॅक्टरला घातला आणि पदूच्या हातात नारळ दिला. "दर वर्सी आता अशीच कापनी," तो म्हणाला.

पदू मोरीतून घरी आला. ट्रॅक्टर लांबच ठेवला. विहिरीवर डोक्यावरून सात-आठ बादल्या ओतून घेतल्या, धुतलेला सदरा घातला आणि मग अंगणात गेला.

केबिनच्या काचा पिवळ्या झाल्या होत्या, झडपेवरचं फडकं वाळून धुळीनं भरलं होतं. आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं तळव्यानं एका ठिकाणी पुसलं. जनी एसटीच्या सीटवर बसली होती, डोकं काचेला टेकलेलं, पदर नाकातोंडाशी धरलेला. डोळे मिटलेले. एक हात दाराच्या मुठीवर होता.

त्यानं बोटानं काच वाजवली. मग पुन्हा वाजवली.

कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा हात दाराकडे गेला आणि तिथंच थांबला. अंगणात अजून धूळ होती. उन्हाच्या तिरिपेत ती सावकाश खाली येताना दिसत होती. पदू दाराशी पाठ टेकून जमिनीवर बसला.

धोंडूबाई डोक्यावर भारा घेऊन आली. "जनी बाहेर नाय आली अजून?"

"वारा पडू दे," पदू म्हणाला. "मंग उघडतो. धूळ जाईल तिच्या नाकात."

धोंडूबाईनं भारा टाकला आणि पुसलेल्या जागेतून आत पाहिलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती थोडा वेळ उभी राहिली. दार उघड, असं ती म्हणाली नाही. पदूच्या शेजारी येऊन तशीच जमिनीवर बसली. माळावरून माणसं हसत, एकमेकांना हाका मारत खाली येत होती.

दिवस मावळला तसा वारा पडला. पदू उठला. विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणलं. अंगातला सदरा काढून तो भिजवला आणि केबिनची एकेक काच वरून खाली पुसली. मग टप पुसला, दाराची कड पुसली, मूठ पुसली. सदरा पिळून पुन्हा एकदा पुसली. अंगणातली धूळही त्यानं हातानं पाणी शिंपडून बसवली, आणि मग आत कण जाणार नाही अशा बेतानं, हळूहळू, दार उघडलं.